बाविसाव्या टेबलाची जोडफळी

मी एक जुनी फळी आहे. टेबलाची फळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टेबल येतं, म्हणून आधीच सांगते, मी टेबल नाही. टेबलाला पाय असतात, नंबर असतो, खिडकीजवळची जागा असते. माझ्याकडे यातलं काही नाही. मी जोडफळी. आठ माणसांच्या टेबलावर दहा माणसं बसवायची वेळ आली की टेबलाचे दोन अर्धे भाग ओढून लांब करतात आणि मधल्या मोकळ्या जागेत मला बसवतात. माझ्या एका टोकाला एक खुर्ची लागते, दुसऱ्या टोकाला एक. जेवण झालं की मला काढून कपाटात उभी करतात.

मित्रांनो, शाळेच्या निबंधात वस्तू आपली गोष्ट सांगता सांगता शेवटी रडायला लागते. फाटकी छत्री रडते, तुटकी खुर्ची रडते, बंद पडलेलं घड्याळ तर काटे वर करून रडतं. मी रडणार नाही. रुमाल खिशातच असू द्या.

आणि क्यूबेकच्या फळीला मराठी कसं येतं, हेही विचारू नका. छत्रीला कुणी विचारलं नव्हतं.

माझा जन्म गास्पेच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातला. रेजाँ नावाचा सुतार होता. एका जहाज कंपनीने त्याला जेवणघराची टेबलं करायला सांगितली होती. पिवळ्या बर्चच्या एका खोडातून त्याने बावीस नंबरचं टेबल केलं आणि त्याच खोडातून मला काढलं, म्हणजे आमच्या रेघा एकमेकींना जुळाव्यात. माझ्या दोन्ही कडांना त्याने लाकडाच्या खुंट्या बसवल्या. त्या टेबलाच्या भोकांत जातात. खिळा नाही, स्क्रू नाही. मला तो तीन दिवस घासत होता. त्याची बायको म्हणाली, "जी कपाटात राहायची तिला एवढं कशाला घासतोस?" रेजाँ म्हणाला, "टेबल काय, बोलावलेल्यांसाठी असतं. ही न बोलावलेल्यांसाठी आहे. तिचं कुसळ कुणाच्या हाताला लागता कामा नये."

माझी एवढी स्तुती त्यानंतर कुणी केली नाही. पण एकदा झाली होती, ती पुरली.

जहाजाचं नाव 'लेडी गास्पे'. मे ते ऑक्टोबर, मॉन्ट्रियलहून निघायचं, सेंट लॉरेन्स नदीतून समुद्रात उतरायचं आणि सातव्या दिवशी हॅलिफॅक्सला पोचायचं. परत तसंच उलट. चारशे माणसं. जेवणघर मात्र दोनशेंचं, म्हणून दोन पंगती. पहिली पावणेसहाला, दुसरी आठला. जहाजावर त्यांना पंगत म्हणत नाहीत, 'सीटिंग' म्हणतात, पण दुसरी पंगत दारात उभी असली की पहिलीला घास गिळवत नाही, हे जगभर सारखंच.

माणसं इथे समुद्र बघायला येतात आणि पहिल्या संध्याकाळी खिडकीकडे पाठ कुणाची यावरून अबोला धरतात. कुणाला कॅप्टनच्या टेबलाशेजारी बसायचं असतं. कुणाला कॅप्टनपासून लांब. कुणाला रोज तेच टेबल हवं, कुणाला रोज नवं. मी यातल्या कुठल्याच भांडणात नसायचे. सातांतल्या तीन रात्री तरी मला बोलावणं यायचं. लग्नाची पन्नाशी असायची, अचानक भेटलेले मावसभाऊ असायचे. एकदा मधुचंद्राला आलेलं जोडपं तिसऱ्या रात्रीच अनोळखी आठ जणांत येऊन बसलं, कारण दोघांचं बोलणं संपलं होतं. मी त्यांना जागा दिली. ते जोडपं पुढे टिकलं असं ऐकून आहे. श्रेय मागत नाही.

मग ती महामारी आली. जहाज दोन वर्षं बंदरात उभं राहिलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा माहितीपत्रकावर लिहिलेलं होतं : 'तुमची स्वतःची स्पेस'. मोठी टेबलं एकेक करून गेली आणि दोघांची टेबलं आली. दोघांची, इवलीशी, मेणबत्तीसकट. मोठ्यांपैकी बावीस नंबर तेवढं उरलं, तेही त्याचा खांब जमिनीत पक्का होता म्हणून. मला मात्र कपाटात उभं केलं ते केलंच. सहा वर्षं. सोबतीला नाताळचं खोटं झाड. जहाज ऑक्टोबरात बंद होतं, त्यामुळे त्या झाडाने नाताळ कधी पाहिलाच नाही. आमचं बरं जमायचं.

कपाटाला झडपांचं दार आहे. झडपांतून समोरचं दोघांचं टेबल दिसतं, एकतीस नंबर. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला वॉशरूमचा दरवाजा. कुणी मागून घेत नाही असं टेबल. यंदाच्या जूनमध्ये तिथे लता आणि जनार्दन बसले.

लताबाई अठ्ठ्याहत्तरच्या. स्कारबरोच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं काचपट्ट्यांवर जंतू मोजले. आता त्यांना कंपवात आहे. उजवा हात आपल्याच मर्जीने हलतो. जनार्दनराव ब्याऐंशीचे, रिटायर्ड इंजिनिअर. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट. बायकोच्या मांडीवर नॅपकिन पसरताना त्यांचा चेहरा असा, की जणू कुणी परीक्षेत कॉपी करताना पकडलंय.

लांब, खिडकीशी, बावीस नंबरवर आठ मराठी माणसं बसली होती आणि आवाज कपाटापर्यंत येत होता.

"अहो, ती हसतेय बघा," लताबाई म्हणाल्या.

"कोण?"

"सीमा. दुसरं कोण हसतं असं? भांड्यांची मांडणी पडल्यासारखं?"

"तुला सँडविच सांगितलंय. चार तुकडे करून आणतील."

"मला सूप हवं होतं."

"सांडतं, लता."

सँडविच आलं. तुकडे चार होते, अगदी सारखे.

"सीमाने आपल्याला तिच्या टेबलावर बोलावलं नाही?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"बोलावलं ना."

"मग?"

"मी नको म्हटलं."

लताबाईंनी तुकडा खाली ठेवला. "का?"

"अगं, एकदा नको म्हणतोच माणूस! तिचा फोन आला, आमचं टेबल बुक करतेय, तुम्ही येता का? मी म्हटलं, छे छे, आमचं कशाला मनावर घेता, तुम्ही एन्जॉय करा, आम्ही आपले बसू कुठेतरी कोपऱ्यात. मला वाटलं, आता म्हणेल, असं कसं, आलंच पाहिजे. मग मी म्हणणार, बघू. मग ती म्हणणार, बघू नाही, नक्की. तर ती म्हणाली, ओके, नो प्रेशर! आणि फोन ठेवला."

"पन्नास वर्षं झाली तिला इथे. इथे एकदाच विचारतात."

"अगं पण ती साताऱ्याची आहे!"

"साताऱ्याची होती," लताबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी कपाटात उभी होते, पण मला सगळं लख्ख दिसत होतं. ही मंडळी तीस वर्षं दर शनिवारी कुणा ना कुणाच्या घरी एकत्र जेवलेली. सीमाबाई आणि त्यांचे यजमान उन्मेष तेव्हा स्कारबरोतच राहायचे. पुढे मुलीजवळ म्हणून मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालला गेले. लताबाईंचा हात कापायला लागल्यावर शनिवार आधी महिन्यातून एकदा झाला, मग सणासुदीला, मग थांबलाच. तिकडच्यांना वाटलं, यांना शांतता हवी आहे. इकडच्यांना वाटलं, त्यांना आपण नको आहोत. दोन्हीकडची माणसं अतिशय सभ्य. सभ्य माणसांनी एकमेकांना किती लांब ढकलावं याला काही मर्यादा नसते. आणि आता ती आठ खिडकीशी, ही दोन खांबाशी, मध्ये चाळीस टेबलं.

दुसऱ्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. ओजस रिचमंड हिलला राहतो. टेबल त्यानेच बुक केलं होतं. जनार्दनरावांनी फोन मिठाच्या डबीला टेकवून ठेवला.

"हाय आई! हाऊ इज द टेबल? आय आस्क्ड फॉर अ क्वाएट वन."

"क्वाएट आहे," लताबाई म्हणाल्या. "शेजारी वॉशरूम आहे. तेवढाच आवाज."

"इट्स जस्ट मोअर कम्फर्टेबल फॉर यू, आई. नोबडी स्टेअरिंग."

"हो रे राजा. कुणीसुद्धा बघत नाही माझ्याकडे."

ओजसला ते उत्तर पटलं. तो "लव्ह यू, एन्जॉय!" म्हणाला आणि गेला. मग लताबाई नवऱ्याकडे वळल्या.

"खरं सांगा. ते एकदा नको, दोनदा नको राहू दे बाजूला. तुम्हाला माझी लाज वाटते."

"लता!"

"हळू बोला, क्वाएट टेबल आहे."

जनार्दनराव बराच वेळ नॅपकिनची घडी घालत होते. ती आधीच घातलेली होती. "लोक बघायला लागले की तुझा हात जास्त कापतो," ते शेवटी म्हणाले. "मग तू जेवायचीच थांबतेस. देवयानीच्या घरी तू भुकेली उठलीस. गाडीत रडलीस. मला ते बघवत नाही."

"त्याला चार वर्षं झाली. ती शेवटची वेळ. चार वर्षं मी पोटभर जेवतेय, आणि रोज वाटतं कुणीतरी मला वाळीत टाकलंय."

"मग काय करू?"

"तुम्ही काही करू नका. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

तिसऱ्या संध्याकाळी जहाज गास्पे सोडून शार्लटटाऊनकडे निघालं होतं. पावणेसहाला लताबाई आल्या आणि एकतीस नंबरवर बसल्याच नाहीत. वॉकर पुढे ढकलत सरळ निघाल्या. चाळीस टेबलांमधून वॉकर न्यायचा म्हणजे वीस वेळा तरी "सॉरी" म्हणावं लागतं. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मागून जनार्दनराव : "लता! अगं लता, वेटरला सांगू आपण... लता!"

त्या बावीस नंबरशी थांबल्या.

"सीमा, नको म्हणाले ते हे म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही. मी आलेय."

सीमाबाई घास हातात धरून तशाच राहिल्या. "अगं, मला वाटलं तुम्हाला शांत हवंय... मी त्यांच्या 'नो'चा रिस्पेक्ट केला गं!"

"रिस्पेक्ट ठेव पर्समध्ये. बसू कुठे ते सांग."

यावर आठही माणसं एकदम उभी राहिली. "वहिनी, इथे बसा," "नाही नाही, ही घे खुर्ची," "मी बसते ना त्या टेबलावर, मला चालेल," "अगं तू बस, मी जातो." जिथे चार वर्षांत कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, तिथे आठ जण एकाच वेळी आग्रह करत होते. एक खुर्ची उलटी पडली.

"बसा सगळे!" लताबाई म्हणाल्या. "मला कुणाला उठवून बसायचं नाहीये. मला माझी जागा हवी."

एवढ्यात जेवणघराचे मॅनेजर आले. मस्यू प्रुदोम. नम्र माणूस. इतका नम्र, की त्याच्या नकाराबद्दल आपणच त्याची माफी मागावी. ते म्हणाले, हे टेबल आठांचं आहे, दहांचं नाही, आणि मादामचं स्वतःचं सुंदर टेबल राखून ठेवलेलं आहे.

सीमाबाईंनी लव्हालमध्ये शिकलेलं सगळं फ्रेंच एका दमात काढलं. प्रुदोमनी ते शांतपणे ऐकलं आणि इंग्रजीत उत्तर दिलं. सीमाबाईंना याहून मोठा अपमान कुणी केला नसेल.

तेव्हा मारिसेल पुढे आली. एकोणीस वर्षं या जहाजावर ताटल्या उचललेली ही बाई, मूळची फिलिपिन्सची. ती म्हणाली, "याची जोडफळी आहे की. कपाटात."

"ती फळी आता रिटायर्ड आहे," प्रुदोम म्हणाले.

"आम्ही सगळेच रिटायर्ड आहोत," उन्मेष म्हणाले. "आणा तिला. आमच्यात खपून जाईल."

प्रुदोमनी भोवती पाहिलं. अख्खं जेवणघर बघत होतं. त्यांनी मान हलवली.

मित्रांनो, सहा वर्षांनी दार उघडलं. मी धूळ झटकायला सुद्धा थांबले नाही. नाताळच्या झाडाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघ, असंही होतं.

टेबल ओढून लांब केलं आणि मला मधे ठेवलं. तीन खुंट्या बसल्या, चौथी बसेना. सहा वर्षं कोरड्या कपाटात उभं राहून मी जराशी वाकडी झाले होते. मारिसेलने ढकलून पाहिलं. उन्मेषनी ढकलून पाहिलं. प्रुदोमच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरायला लागलं. तेव्हा इतका वेळ मागे उभे असलेले जनार्दनराव पुढे आले. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एक मिलिमीटर." मग मुठीने माझ्या कडेवर असा काही ठोसा हाणला, की टेबलावरचे सगळे काटे-चमचे उडाले. मी बसले.

माझ्या एका टोकाला लताबाई बसल्या, दुसऱ्या टोकाला, समोर, जनार्दनराव.

"मादाम काय घेणार?" मारिसेलने विचारलं.

"सँडव..." जनार्दनराव म्हणाले.

"सूप," लताबाई म्हणाल्या.

क्यूबेकमध्ये पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप करतात. दिसायला थेट आपलं वरण. वाडगा आला. पहिला चमचा निम्मा पोचला. दुसरा पोचलाच नाही, तो टेबलक्लॉथवर उतरला आणि तिथून माझ्या अंगावर. सगळे सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागले. देवयानी, म्हणजे जिच्या घरून लताबाई भुकेल्या उठल्या होत्या ती, खिडकीबाहेर पाहून म्हणाली, "किती छान लाइटहाउस आहे ना!"

"देवयानी, तिकडे नुसतं पाणी आहे," लताबाई म्हणाल्या. "इकडे बघ. सगळ्यांनी इकडे बघा. हे असं सांडतं. हा हात, हे सूप, हा डाग. बघितलंत? झालं? आता बोला काय बोलायचं ते."

उन्मेष म्हणाले, "वहिनी, एवढं तर मी हात न कापता सांडतो." सीमाबाई म्हणाल्या, "खोटं नाही, याच्या शर्टावरून मी आठवड्याचा मेन्यू सांगू शकते." आणि ते मांडणी पडल्यासारखं हसू या वेळी माझ्या अगदी शेजारी पडलं. मग चार वर्षांचं बोलणं सुरू झालं. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, कुणी कॉन्डो घेतला, कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. लताबाई ऐकत होत्या, मधेच टोमणा मारत होत्या आणि चमचा उचलत होत्या. दर दोन चमच्यांतला एक पोचत होता.

साडेसात झाले. सगळ्यांचं जेवण आटोपलं, कॉफी झाली. लताबाईंचा वाडगा अर्धा होता. आजूबाजूची टेबलं रिकामी होऊ लागली. दारात दुसरी पंगत जमली. पावणेआठला प्रुदोम आले आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, की आता आपण उठावं.

जनार्दनराव उभे राहिले. "लता, राहू दे आता. लोक खोळंबलेत. केबिनमध्ये मागवू काहीतरी."

लताबाईंचा चमचा थांबला. हात जोरात कापायला लागला. मला कळत होतं, कारण तो माझ्यावर टेकला होता. आता त्या उठल्या असत्या तर पुन्हा कुठल्याही टेबलावर बसल्या नसत्या. हे मला कळलं, जनार्दनरावांना कळलं, आणि मला वाटतं सीमाबाईंनाही कळलं.

कारण सीमाबाईंनी खुर्ची आणखी पुढे घेतली आणि मोठ्याने, घरच्या यजमानीणबाईसारखं म्हटलं, "सावकाश होऊ द्या!"

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांना विचारा. पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. हात वाळले तरी नाही. या मंडळींनी पन्नास वर्षांत खूप काही सोडलं होतं, पण हे त्यांच्या बुडाला चिकटून राहिलं होतं. त्या रात्री ते कामाला आलं.

"मला खेद आहे, पण नियम..." प्रुदोम म्हणाले.

"सॉरी," उन्मेष म्हणाले आणि हलले नाहीत.

"सो सॉरी," देवयानी म्हणाली आणि शाल नीट केली.

"देझोले," सीमाबाई म्हणाल्या.

नऊ माणसांनी नऊ वेळा माफी मागितली. शेवटचे जनार्दनराव. ते उभे राहिले होते. ते परत बसले आणि म्हणाले, "सॉरी. माझी मिसेस जेवतेय."

बावीस नंबरची दुसरी पंगत म्हणजे मंक्टनचा एक कर्लिंग क्लब होता. बर्फावरून जड दगड घसरवायचा आणि तो कुठे थांबतो ते बघत बसायचं, असा हा खेळ. त्यांची कॅप्टन, लाल स्वेटरातली धिप्पाड बाई, टेबलाशी आली. "काय चाललंय?"

"मादामचं सूप," मारिसेलने सांगितलं.

"सूपनंतर काय आहे?"

"शुगर पाय," लताबाईंनी मान वर न करता सांगितलं. "दोन तुकडे."

लाल स्वेटरवाली मोठ्याने हसली. "आम्ही बारमध्ये आहोत, डिअर. टेक युअर टाइम."

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी लताबाईंनी त्या गोड शुगर पायचा शेवटचा कण बोटाने टिपला. चमचा खाली ठेवला. तोंड पुसलं. मग दहाही जण एकदम उठले.

पुढचं माझ्याबद्दल. सगळे गेल्यावर प्रुदोमनी दोन माणसांना बोलावलं आणि मला काढायला सांगितलं. त्यांनी ओढलं. मी निघाले नाही. लाकडी हातोडा आणला. खालून ठोकलं, वरून ठोकलं. मी निघाले नाही. टेबलक्लॉथमधून झिरपलेलं सूप माझ्या खुंट्यांना लागलं होतं आणि सहा वर्षं तहानलेल्या खुंट्यांनी ते पिऊन घेतलं होतं. त्या फुगल्या होत्या. हा लाकडाचा गुण की माझा हट्ट, हे मला विचारू नका. मी सांगणार नाही.

मग प्रुदोम काय करणार? उरलेल्या सगळ्या रात्री बावीस नंबरला दहा खुर्च्या लागल्या. लताबाईंनी एका रात्री सूप घेतलं, एका रात्री स्पॅगेटी. स्पॅगेटीबद्दल मी बोलणार नाही, तो धडाच वेगळा आहे. देवयानी रोज त्यांच्या शेजारी बसली. आणि दुसऱ्या पंगतीत कर्लिंगवाल्यांना दोन जागा जास्तीच्या मिळाल्या, तिथे केबिनमध्ये एकटाच जेवणारा एक म्हातारा आणि त्याचं ऐकण्याचं यंत्र येऊन बसलं.

हॅलिफॅक्सला उतरायच्या आधीच्या रात्री लताबाई म्हणाल्या, "पुढचा शनिवार माझ्याकडे. सगळ्यांनी."

"छे छे," जनार्दनराव सवयीने म्हणाले, "यांना लव्हालहून एवढ्या लांब कशाला त्रास..."

"येतोय," सीमाबाई म्हणाल्या. "तुम्ही कितीही वेळा नको म्हणा. मी मोजणार नाही."

हॅलिफॅक्सला जहाजाचा सुतार आला. खाली सरकून, टॉर्च लावून त्याने माझ्या खुंट्या पाहिल्या. करवत लागेल म्हणाला. टेबलाचे दोन तुकडे होतील, दोघांची दोन टेबलं निघतील. माझं काय, असं त्याला प्रुदोमनी विचारलं. तो म्हणाला, "तिचं काही निघणार नाही." हिवाळ्यात जहाज गोदीत जाईल तेव्हा हे काम करायचं, असं कागदावर लिहिलेलं आहे. कागद प्रुदोमच्या टेबलावर आहे. ते टेबल एकट्याचं आहे.

तर मित्रांनो, आता रिवाजाप्रमाणे मी तुमच्याकडे काहीतरी मागायला हवं. मला पुसत जा, मला ऊन लागू देऊ नका, मला पॉलिश करा. मला पॉलिश नको. माझ्यावर सूप सांडलं आहे, वाइन सांडली आहे, एका लग्नाच्या पार्टीत अख्खा केक सांडला आहे, आणि ज्या डागामागे माणूस आहे तो डाग मी मिरवून मिरवून दाखवणार. तुम्ही एवढंच करा. कुणी कोपऱ्यात एकटं जेवत असेल तर जा आणि विचारा. नको म्हणाला तर पुन्हा विचारा. तिसऱ्यांदा विचारताना तोंड वाकडं करू नका. आणि तो आलाच, आणि हळू जेवायला लागला, तर घड्याळाकडे बघू नका. त्याची जागा करताना तुमची थोडी कमी होईल. होऊ दे. एवढं अंग चोरून बसायला तुम्हाला कुणी शिकवलं नसेल तर मी सहा वर्षं कपाटात राहून शिकले आहे, मला विचारा.

हिवाळा लांब आहे. करवत त्याहून लांब. ती आली तरी आधी तिचे दात मी बोथट करीन; पिवळा बर्च मऊ नसतो. तोवर या जेवणघरात दोघांची अठ्ठावन्न टेबलं आहेत आणि दहांचं एक. आज पावणेसहाला या आणि मोजून घ्या.